मधलं घर

"दिवा एक दिसतो की दोन?" डोळ्यांच्या डॉक्टरने विचारलं, आणि हाल्लाला उत्तर देता येईना.

प्रश्न साधा होता. खोलीत अंधार केलेला, हनुवटी एका पट्टीवर टेकवलेली, कपाळ दुसऱ्या पट्टीला चिकटवलेलं, आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचा एक बारीक ठिपका. डॉक्टरने तिच्या डाव्या डोळ्यापुढे कसलीशी काच सरकवली तसा तो ठिपका हळूच फाटला आणि त्याच्या कडेला हुबेहूब तसाच दुसरा उभा राहिला. पंचेचाळिशीत सगळ्यांनाच वाचायचा चष्मा लागतो, त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. तरी ती पुन्हा पुन्हा ते दोन ठिपके मोजत राहिली. "सावकाश सांगा, घाई नाही," डॉक्टर म्हणाली. "दिसतात दोन," हाल्ला अखेर म्हणाली, "पण आहे एकच." डॉक्टर हसली. "आहेत किती ते मला माहीत आहे हो. दिसतात किती, तेवढंच सांगायचं." हाल्लाने हनुवटी उचलली, कोट घेतला, पुन्हा कधीतरी येते असं काहीतरी पुटपुटली आणि जिना उतरून रस्त्यावर आली.

विनिपेगमध्ये एप्रिल लागला होता. फुटपाथच्या कडेचा बर्फ काळा पडून झिजत चालला होता, आणि हिवाळाभर रस्त्यावर टाकलेली वाळू बुटांखाली करकरत होती. ती गाडीत बसली, पण किल्ली फिरवली नाही. पाब्बी जाऊन तीन आठवडे झाले होते. पाब्बी म्हणजे तिचे वडील, केटिल. चर्चमध्ये प्रार्थना झाली होती, गाणी झाली होती, बायकांनी आणलेले केक संपले होते, पण तो अजून जमिनीत गेला नव्हता. तिकडे उत्तरेला मार्चमध्ये माती दगडासारखी असते. मे महिन्यात ती सैल झाली की मग खणतात. तोवर शवपेटी स्मशानाच्या कडेच्या खोलीत ठेवलेली. लहानपणापासून तिने हे पाहिलं होतं, त्यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. या वर्षी मात्र रोज सकाळी जाग आली की पहिल्यांदा तेच आठवायचं, की पाब्बी अजून वरच आहे. सांगायचं असेल तर अजून वेळ आहे, असं काहीतरी वेडगळ. आणि त्याला आता काही सांगता येणार नाही हे कळायला तिला दर सकाळी पुन्हा तेवढाच वेळ लागायचा.

जे दिसेल ते मोज. असंच सांगितलं होतं तिच्या पहिल्या साहेबाने, पेल्टिएने, सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात, पहिल्या दिवशी. ती एकोणीस वर्षांची होती आणि मत्स्य खात्याच्या तपासणीच्या खोलीत तिला सुट्टीपुरतं काम मिळालं होतं. खोलीत काचेचं लांब टेबल, काचेखाली दिवे. नमुन्याचे व्हाइटफिश यायचे, त्यांच्या दोन्ही बाजूंचं मांस सोलून काढायचं, त्याच्या बोटभर रुंदीच्या चकत्या करायच्या आणि त्या काचेवर मांडायच्या. खालच्या उजेडाने मांस गुलाबीसर पेटल्यासारखं दिसायचं, आणि त्यात कुठेतरी पिवळट, साईसारखी एक गाठ. टोचली तर आतून दोऱ्यासारखा जंत वळवळत बाहेर यायचा. माणसाला त्याने काही होत नाही. पण दक्षिणेकडच्या अमेरिकन गिऱ्हाइकाला ताटात जंत नको असतो, म्हणून शंभर पौंड माशात पन्नासच्या वर गाठी निघाल्या की त्या तळ्याचा मासा सीमेपलीकडे जायचा नाही. ब्रोकन पॅडल तळ्याचा नमुना आला तेव्हा पेल्टिए आजारी होता. ते तिचं तळं होतं. पाब्बी आणि त्याचा शेजारी मित्र लाकी त्याच तळ्यावर जाळी टाकायचे. हिवाळ्यात बर्फाखाली, उन्हाळ्यात नावेतून, दोघांचं एकच परवानापत्र, एकच होडी. घरच्या तळ्याला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून तिने एक एक चकती दोनदा पाहिली, कागदावर माशाचं चित्र काढून त्यावर प्रत्येक गाठीची जागा टिपली, आणि एकाहत्तर आकडा लिहून खाली सही केली. सही करताना तिला अभिमान वाटला होता. आता त्या सहीचा तिला सगळ्यात जास्त राग येत होता, तिच्या शेवटच्या अक्षराला दिलेल्या त्या गिरकीचा.

जंताची गोष्ट तिला त्याच्याही आधीपासून ठाऊक होती. ती चौदा वर्षांची असताना विद्यापीठाची माणसं तळ्यावर तंबू ठोकून राहिली होती आणि त्यांच्यातल्या एका बाईने तिला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं होतं. थेंबभर पाण्यात सायक्लोप्स फिरत होता, तिळाहून लहान, कोळंबीचा कुणी दूरचा गरीब नातेवाईक म्हणावा असा; कपाळावर एकच तांबडा डोळा, मागे अंड्यांच्या दोन पिशव्या, झटके देत पोहणारा. मोठा जंत पाइक माशाच्या आतड्यात राहतो. वसंतात बर्फ वितळला की पाइक अंडी घालायला गवताळ उथळ पाण्यात येतात आणि तिथे जंताचीही अंडी सुटतात. त्यातून निघालेला जीव सायक्लोप्स गिळतो, सायक्लोप्सला व्हाइटफिश खातो, व्हाइटफिशच्या मांसात गाठ होते, आणि त्या व्हाइटफिशला पुन्हा पाइक खातो. तिने पाब्बीला ओढत तंबूत आणलं होतं. त्याने टोपी काढून एक डोळा मिटला, दुसरा नळीला लावला आणि तो काढेचना.

"एवढंसं?" तो म्हणाला. "आणि मी चाळीस वर्षं पाइकला शिव्या देतोय."

"पाइकचाही दोष आहेच की, पाब्बी. पण जंताचं लहानपण याच्या पोटात जातं. याला मधला यजमान म्हणतात."

"यजमान कसला! यजमानाला पाहुणा आलेला कळतो तरी." त्याने पुन्हा डोळा लावला. "हे मधलं घर. एक घर सोडलं, दुसरं अजून मिळालं नाही, तोवर राहायचं. बिचाऱ्याला पत्ताच नाही आपण कुणाला घेऊन फिरतोय."

तेव्हापासून घरात सायक्लोप्सचं नाव मधलं घर पडलं. लाकीसुद्धा तेच म्हणायचा. नावेच्या कडेवरून पाण्यात तोंड धुता धुता ओरडायचा, "केटिल, आज शंभर मधली घरं गिळली बघ मी! आता मला पाइकपासून जपायला हवं!" आणि पाब्बी वल्हं टाकून हसायचा. इतका हसणारा पाब्बी तिने पुढे कधी पाहिला नाही.

तिने किल्ली फिरवली. ऑफिसला फोन करायला हवा होता, पण तिने तो केला नाही. गाडी शहराबाहेर काढून तिने उत्तरेचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना शेतं पाण्याखाली, चरांमध्ये मागच्या वर्षीचं पिवळं गवत अर्धं बुडालेलं. या दिवसांत पाइक या चरांपर्यंत चढून येतात. आत्ता या क्षणी त्या गवतात ते सगळं चाललं असणार, सुटणं, तरंगणं, गिळलं जाणं. कितीतरी वर्षं कुठल्या कुठल्या तळ्यांतून पाइक मारून पाहिले लोकांनी. पाइक मारता येतात. सायक्लोप्स कोण वेचणार?

लाकीने तो आकडा ऐकला तेव्हा तो त्यांच्याच स्वयंपाकघरात बसला होता. साखरेचा खडा दाताखाली धरून कॉफी पीत होता, आणि तो खडा त्याने तसाच बशीत थुंकला. "एकाहत्तर? यंदा? अरे, मी हाताने सोललेत यंदाचे मासे. पोरीने काहीतरी घोळ घातलाय."

"माझी पोर घोळ घालत नाही," पाब्बी म्हणाला.

"घालत नाही कशी? एकोणीस वर्षांची आहे! मी एकोणीस वर्षांचा असताना घोळाशिवाय दुसरं काही घातलंच नाही. अर्ज करू, पुन्हा मोजा म्हणावं. दोघांची सही लागते. तीस दिवस आहेत."

"मी सही करणार नाही."

"केटिल, गाढवा, तिच्यावर खटला नाही घालायचा. नुसतं पुन्हा मोजायचं."

"पुन्हा मोजा म्हणजे काय? म्हणजे ती खोटी." मग पाब्बीने तिच्याकडे वळून, सगळ्यांसमोर, विचारलं होतं, "हाल्ला, नीट मोजलंस ना?"

"हो," ती म्हणाली होती. आणि त्या दिवशी ते खरं होतं. हेच तिला पुढे पंचवीस वर्षं स्वतःला सांगावं लागलं, की त्या दिवशी ती खोटं बोलली नव्हती.

तीस दिवस गेले. लाकी रोज अंगणात येऊन उभा राहायचा, पहिल्या आठवड्यात थट्टा करत, दुसऱ्यात शिव्या देत, मग नुसताच. एकतिसाव्या दिवशी तो आला नाही. नाव विकली गेली. पाब्बी पालिकेचा, रस्त्यावरचा बर्फ सारायचा नांगर चालवू लागला, लाकी कुठल्याशा खाणीत गेला आणि पाठ मोडून परत आला. दोघांची घरं चर्चच्या रस्त्यावर, समोर स्मशान, दोन घरांच्या मध्ये फक्त एक रिकामी जागा. त्या जागेतून दोघांच्या येण्याजाण्याने पडलेली पायवाट होती, ती दोन उन्हाळ्यांत गवताने भरून गेली. पंचवीस वर्षं ते एकमेकांशी बोलले नाहीत. रविवारी लाकी डावीकडच्या बाकावर बसायचा, पाब्बी उजवीकडच्या. गावातली माणसं दोघांना वेगवेगळ्या दिवशी जेवायला बोलवायची, आणि हळूहळू गावाला त्यातही काही वेगळं वाटेनासं झालं.

त्या आकड्यानंतरच्या उन्हाळ्यात, दुसऱ्याच कुठल्या तळ्याचे मासे काचेवर होते, आणि पेल्टिए तिच्या मागे येऊन उभा राहिला. "हे काय, इथे दोन कशा लिहिल्यास?" त्याने दोन शेजारच्या चकत्या बोटांनी सरकवून एकमेकींना चिकटवल्या. या चकतीच्या काठावरचं पिवळं त्या चकतीच्या काठावरच्या पिवळ्याला जाऊन मिळालं आणि एक पूर्ण वाटोळी गाठ झाली. "सुरी मधून गेली की एकीच्या दोन दिसतात. चिरलेली गाठ एकच धरायची. मागच्या वर्षी सांगितलं नव्हतं का मी?" नव्हतं सांगितलं. तो विसरूनही गेला लगेच. ती जेवणाच्या सुट्टीत फायलींच्या खोलीत गेली, आपलाच जुना कागद काढला आणि तिने इतक्या निष्ठेने काढलेल्या त्या माशांच्या चित्रांवर बोट ठेवून जोड्या लावत गेली. चोवीस जोड्या निघाल्या. एकाहत्तरातून चोवीस गेल्या की सत्तेचाळीस, पन्नासच्या आत. तिने ती वजाबाकी तीनदा केली. बाहेर कुणीतरी रेडिओ लावला होता, आणि दाराच्या फटीतून तळलेल्या कांद्याचा वास येत होता. कागद तिने पुन्हा फाईलमध्ये जागच्या जागी लावून ठेवला. सांगायचं तर होतंच. नाताळला घरी गेल्यावर समोरासमोर सांगू, फोनवर असलं बोलत नाहीत, असं तिने ठरवलं, आणि ठरवल्यामुळे त्या रात्री तिला झोपही लागली.

नाताळात घर भरलेलं होतं, आणि पाब्बी कुणा पाहुण्याला सांगत होता, "आमच्या हाल्लाची नजर म्हणजे! बापाचं तळं होतं, तरी एक गाठ सोडली नाही पोरीने." तो हे कौतुकाने म्हणत होता, पण त्या कौतुकाखाली काय होतं ते तिला दिसलं. होडी, तळं, लाकी, एवढं सगळं देऊन त्याने ती एक गोष्ट राखली होती. ती काढून घेतली तर त्याच्यापाशी उरलं काय असतं? असं तिला वाटलं. की तसं वाटून घेणं सोयीचं होतं? पुढच्या नाताळला तिने पुन्हा ठरवलं. मग आई आजारी पडली, मग आई गेली, त्या वर्षी तर नकोच. मग तिला तपासणीच्या खोलीची मुख्य केलं, आणि पाब्बीने ती बातमी वर्तमानपत्रातून कापून चर्चच्या फळ्यावर लावली, लाकीला रोज दिसेल अशी. नंतर कुणा संशोधकाच्या लेखात तिने वाचलं की आत जंत वाढू लागला की सायक्लोप्सची चाल बदलते. तो जड होतो, झटके देत नाही, निसटायचं विसरतो. लेख तिथेच मिटून ठेवला होता तिने. घरी जाणं वर्षातून चारदाचं दोनदा झालं. गेली की चर्चच्या रस्त्याने न जाता मागून, गोदामाच्या बाजूने जायची. पाब्बी म्हणायचा, "शहरात राहून हळू हळू चालायला लागलीस गं."

आणि शेवटी, फेब्रुवारीत, हॉस्पिटलमध्ये. खोलीत तिघंच, तो, ती आणि सुई लावणारी नर्स. त्याच्या हातांची कातडी कागदासारखी झाली होती, बोटांवरचे जाळीने कापलेले जुने पांढरे वण तेवढे जाड राहिलेले. तो नर्सला म्हणाला, "हिच्यासमोर नीट टोच बरं. ही माझी मुलगी. हिच्या नजरेतून काही सुटत नाही." नर्स म्हणाली, "अरे बापरे, मग मला भीती वाटते." तो हसला. नर्स गेली. खिडकीबाहेर बर्फ पडत होता. आत्ता, असं हाल्लाने मनात म्हटलं होतं. तोंडसुद्धा उघडलं होतं. "पाब्बी," ती म्हणाली. "अं?" "पाणी देऊ?" त्याने मान हलवली. तिने कागदी पेला त्याच्या ओठांना लावला. तो सावकाश, नम्रपणे प्यायला, परक्याच्या घरी पितात तसा.

लाकीच्या दारात तिने गाडी थांबवली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. यायच्या आधी फोन केला असता तर तो नको म्हणाला असता, किंवा तिनेच रद्द केलं असतं. त्याने दार उघडलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, वाकलेला, विजारीचे पट्टे एका खांद्यावरून घसरलेले. प्रार्थनेच्या दिवशी तो अगदी मागे उभा होता, आणि शेवटचं गाणं संपायच्या आत निघून गेला होता.

"केटिलची मुलगी," तो म्हणाला. नावाने हाक मारली नाही. "घरात नाहीये तो. चुकून शेजारी आलीस."

"तुमच्याकडेच आले आहे, लाकी."

"मग आत ये. ऊब बाहेर चाललीये."

स्वयंपाकघरात टेबलावर सुका मासा आणि लोण्याची बशी होती. तो बसला, माशाचा तुकडा फाडून लोण्यात बुडवला आणि उरलेल्या दातांनी एका बाजूने चावू लागला. शेगडीवर कॉफीचं भांडं वाफाळत होतं. त्या गावात शत्रू आला तरी पहिल्यांदा कप पुढे होतो. लाकीने कप काढला नाही. तीही बसली नाही. उभ्याउभ्याच तिने सांगितलं, घाईने, कामाच्या जागी चूक नोंदवावी तसं: चकत्या, सुरी, दोन अर्ध्या, चोवीस जोड्या, सत्तेचाळीस. आवाज कापेल असं तिला वाटलं होतं. तो कापला नाही, आणि त्याचीच तिला लाज वाटली.

लाकी चावायचा थांबला होता. "सत्तेचाळीस," तो म्हणाला.

"हो."

"मी पंचेचाळीस म्हटलं होतं. खाणीत पोरांशी पैज लावली होती मी, पंचेचाळीसच्या वर नसणार म्हणून." तो एकदम हसला, खोकला, डोळे पुसले. "दोनाने हरलो की. एका डोळ्याचं मधलं घर बसवायला हवं होतं तिथे मोजायला. त्याला एकच दिसली असती."

तिला वाटलं झालं, आता तो शिव्या देईल, आणि त्या तिला हव्याच होत्या. पण त्याचं हसू ओसरलं आणि तो तिच्याकडे पाहत राहिला, काहीतरी हिशेब जुळत नसल्यासारखा.

"तुला कळलं कधी?"

"पुढच्या उन्हाळ्यात."

"अडुसष्ट."

"हो."

"अडुसष्टला मी चर्चच्या पायरीवर त्याच्यासाठी दार धरून उभा राहिलो होतो. गेला तो, माझ्याकडे न बघता. म्हटलं, ठीक आहे, एक वर्ष जाऊ दे." त्याने बशी बाजूला सारली. "म्हणजे तो जिवंत असताना. पंचवीस वर्षं."

"त्याला सांगितलं असतं तर तो कोसळला असता, असं मला वाटलं."

"केटिल?" लाकीने मान हलवली. "केटिल दोनदा बर्फातून तळ्यात पडला आणि दोन्ही वेळा शिव्या देत वर आला. तो कशाने कोसळतो? तिखटमीठ लावून सांगितलं असतं त्याने सगळीकडे, पोरीने स्वतःची चूक स्वतः पकडली म्हणून." तो थांबला. "तू तुझ्याकडे ठेवलंस ते. त्याच्यासाठी वगैरे काही नाही."

ती खिडकीकडे वळली. बाहेर रिकाम्या जागेत वितळलेल्या पाण्याचं डबकं साचलं होतं, आणि त्याच्या पलीकडे पाब्बीच्या घराच्या खिडक्या बंद होत्या.

"मला वाटायचं," लाकी म्हणाला, तिच्याकडे न बघता, "एक दिवस तो दारात येऊन उभा राहील. टोपी काढेल, आणि म्हणेल, लाकी, तुझंच बरोबर होतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं. खाणीत असताना घासूनपुसून लहान केलं मी ते. आधी फार लांब होतं, त्यात शिव्याच जास्त होत्या. मग एकेक काढत गेलो."

"काय उत्तर?"

"चुलीत गेलं ते तळं. बस, कॉफी घे."

शेगडीवरचं भांडं उतू जाऊ लागलं. तो उठला नाही. तीच पुढे झाली आणि आच बंद केली. हात भांड्याच्या कानाशीच राहिला, पुढे काय करायचं ते न कळून.

"ते ठेव," लाकी म्हणाला. "ते तुझ्यासाठी नव्हतं."

तिने हात मागे घेतला. दाराशी जाऊन बुटात पाय घातले.

"मेमध्ये त्याला माती देतील," ती म्हणाली. "तारीख ठरली की कळवीन."

लाकीने सुक्या माशाचा तुकडा पुन्हा हातात घेतला होता. तो फाडायचा प्रयत्न करत होता, पण तो फाटत नव्हता.

"मला कशाला कळवतेस," तो म्हणाला. "खणायला लागले की मला खिडकीतून दिसतं."